ट्यूब थंड पाहिजे

८ जानेवारी २०२५, बुधवार

पुण्याच्या मुलाचा फोन. नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेमच्या पेट्या गोळा करायचा नाद आहे त्याला. पांढुर्ण्यात एका बंद पडलेल्या पार्लरच्या मागच्या खोलीत अशा दोन पेट्या धूळ खात असल्याचं त्याला कुठून तरी कळलं, आणि जवळपास जुना टीव्ही मेकॅनिक कोण आहे याची चौकशी करत तो सौंसरला माझ्यापर्यंत पोचला. म्हणाला, "काका, पेटी कशीही असू द्या, सुतार नवी करून देईल. बोर्डाचं मी बघतो. तुम्ही फक्त ट्यूब बघून सांगा."

पोरगं जाणतं आहे. प्लायवूड मिळतं, जॉयस्टिक मिळते, बटणं मिळतात, बोर्डाचे जळलेले आयसीसुद्धा शोधले की सापडतात. पिक्चर ट्यूब सापडत नाही. गाझियाबादची सॅमटेल, मोहालीची जेसीटी, आपल्याच मध्य प्रदेशात भिंडकडे मालनपूरची हॉटलाइन. यांच्या रंगीत ट्यूब मी बसवल्या आहेत. आज त्यातला एकही कारखाना ट्यूब काढत नाही. तेव्हा किंमत करायची ती नव्या-जुन्याची नाही, आत किती जीव उरला आहे त्याची.

त्याला वाटत होतं पेट्यांत खरा 'आर्केड मॉनिटर' निघेल, वेल्स-गार्डनर नाहीतर नानाओ. म्हटलं, बाबा, ते अमेरिकेत, जपानात. आपल्याकडे सुतारानं पेटी ठोकली, आत २१ इंची टीव्हीची ट्यूब आणि चेसिस बसवली, गेमचा बोर्ड जोडला की पार्लर सुरू. जरा हिरमुसला. हिरमुसायचं काही कारण नव्हतं. वेल्स-गार्डनर काय, इलेक्ट्रोहोम काय, इटलीची हँटारेक्स काय, ही मंडळी चेसिस बनवायची. काचेची ट्यूब टीव्हीच्या ट्यूब करणाऱ्यांकडूनच यायची. गेमच्या बोर्डाची लाइन फ्रिक्वेन्सीही टीव्हीच्याच आसपास, साडेपंधरा ते पावणेसोळा किलोहर्ट्झ. गेम चितारणाऱ्यांनी चित्रं काढली तीच मुळी या जाड ठिपक्यांच्या काचेसाठी. कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर तोच गेम लावला की माणसांच्या कडा करवतीसारख्या दिसतात.

९ जानेवारी, गुरुवार

पांढुर्णा. रस्त्याला आंबिया बहाराची शेवटची संत्री भरणारे ट्रक. ऑक्टोबर २०२३ मध्ये जिल्हा झाल्यापासून गावात पाट्या नव्या झाल्या, पार्लरची गल्ली होती तशीच.

मालक भला माणूस. मी येणार म्हणून सकाळपासून दोन्ही पेट्या चालू ठेवल्या होत्या. "पाहा ना भाऊ, पिक्चर कसा कडक येऊन राहिला!" एका पेटीत मुस्तफावाला गेम. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण आमच्या पोट्ट्यांनी त्याला त्या नावानं कधी हाक मारली नाही. पिक्चर खरंच कडक होता.

म्हटलं, "बंद करा."

"काऊन? काय झालं?"

"काही नाही झालं. थंड होऊ द्या. मी जेवून येतो."

तापलेली ट्यूब बघून भाव सांगणारा मेकॅनिक एक तर नवखा, नाहीतर विकणाऱ्याचा साडू. कॅथोडवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप असतो, हिटरनं तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. वापरून वापरून लेप थकतो. थकलेला लेपसुद्धा तासभर तापवला की बऱ्यापैकी काम देतो, आणि गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच येतं. मालकाच्या मनात कपट नव्हतं. पण कपट असो-नसो, गरम ट्यूब खोटं बोलते.

जेवायला जायच्या आधी मागची फळी काढून बॅटरीनं नेक पाहून घेतले. ट्यूबचा निम्मा निकाल इथेच लागतो. पुष्कळ ट्यूबमध्ये काचेच्या त्या मानेत, इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या गनच्या जवळ, आतून चांदीसारखा एक चकचकीत डाग असतो. तो गेटर. ट्यूब सील केल्यावर आत बेरियम उडवतात, ते काचेवर बसतं आणि उरलासुरला वायू गिळत राहतं. डाग चकचकीत तर आतली निर्वात जागा शाबूत. दुधासारखा पांढरा पडला तर आत हवा शिरली, मग बाकी काही बघायची गरज नाही, भंगार. दोन्ही नेक चकचकीत होते. एकीच्या डागाची कड जराशी तपकिरी, पण तेवढ्यानं काही होत नाही.

दोन तासांनी परत. पहिली पेटी चालू केली. नेकमध्ये हिटरची नारिंगी ठिणगी लगेच, आणि दहा-बारा सेकंदांत पूर्ण रंगात चित्र. दुसरीत आवाज आला, संगीत सुरू झालं, पडदा काळाच. मग उगवलं ते सगळं निळं-हिरवं, मुस्तफाच्या अंगावर रक्ताचा थेंब नाही. लाल रंग तीनेक मिनिटांनी हळूहळू चढला. पांढऱ्या अक्षरांवर चांदीसारखी झाक, कडा फुगलेल्या. ही गन थकल्याची खूण. जिथे जास्त उजेड मागाल तिथेच ती माती खाते.

मालक म्हणाले, "थंडीनं असंल भाऊ."

एलओटीवरचा, म्हणजे ट्यूबला जबर दाब पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, स्क्रीनचा नॉब बघितला. कुणीतरी कधीचाच वर चढवून ठेवला होता. काळ्या भागावर तिरप्या बारीक रेघा दिसत होत्या त्या त्यामुळेच. थकलेल्या ट्यूबला उजेडात आणायची ही सर्वांत जुनी युक्ती. नॉब जागेवर आणला आणि चित्र निम्म्यावर आलं. मालक काही बोलले नाहीत. दोन्ही पेट्या तपासायला सौंसरला न्या म्हणाले.

११ जानेवारी, शनिवार

टेम्पोनं पेट्या आल्या. सकाळ ट्यूब उतरवण्यात गेली.

बंद पेटीतल्या ट्यूबलाही हात लावायच्या आधी अॅनोडचा चार्ज खाली करायचा, याला अपवाद नाही. या आकाराच्या ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या घरात दाब असतो, आणि बाहेरचा काळा ग्रॅफाइटचा लेप व आतला लेप मिळून काचेचा चांगला मोठा कपॅसिटर होतो. पेचकसाला वायर बांधायची, वायरचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या तारेच्या पट्टीला, चेसिसला नाही. मग रबरी टोपीखाली पेचकस सरकवायचा. चट् असा आवाज झाला तर झाला. थोडा वेळ थांबून पुन्हा एकदा, कारण काचेत चार्ज परत उगवतो. मला हाताशी असलेल्या पोराला हे दरवेळी सांगावं लागतं आणि मी दरवेळी सांगतो. नेक धरून ट्यूब उचलायची नाही, हेही.

लेबलं वाचली. दोन्हींवर 'ए-५१' नं सुरू होणारा नंबर: म्हणजे पडदा कर्णात ५१ सेंटिमीटर. जुन्या जपानी ट्यूबवर हेच '५१०' असं मिलिमीटरमध्ये येतं आणि शेवटी 'बी-२२'; अमेरिकी ट्यूबवर इंचांचा आकडा, पुढे 'व्ही' आणि शेवटी 'पी-२२'. हा बावीस म्हणजे रंगीत फॉस्फर. पुण्याच्या मुलाला हे नंबर फोटो काढून पाठवले. संग्राहकाला लेबलचं वेड असतं, आणि ते वेड अगदीच वाया नाही: लेबल मूळचं असेल, नेकवर नव्या काचेचा सांधा नसेल, तर ट्यूब रिगन केलेली नाही, म्हणजे आतली गन बदललेली नाही, असं धरता येतं. आपल्याकडे रिगन केलेल्या ट्यूब एके काळी पुष्कळ विकल्या गेल्या. काही चांगल्या चालल्या. बऱ्याच दोन दिवाळ्या चालल्या.

मग टेस्टर. हिटरला ६.३ व्होल्ट, आणि तिन्ही कॅथोडचा करंट एकेक करून. पहिली ट्यूब: तिन्ही गन हिरव्या पट्ट्यात, लाल किंचित मागे. दुसरी: निळी-हिरवी ठीक, लाल जेमतेम. इथपर्यंत कोणीही करतो. मला भरवसा आहे तो पुढच्या पायरीचा. करंट स्थिर झाला की हिटरचा व्होल्टेज थोडा खाली ओढायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. ज्या कॅथोडमध्ये लेप शिल्लक आहे तो तसाच काही वेळ तग धरतो, काटा सावकाश उतरतो. रिकामा कॅथोड लगेच बसतो. पहिलीची लाल गन मागे असूनही काटा धरून राहिला. दुसरीची लाल बदकन खाली. आज चित्र कसं आहे ते पडदा सांगतो, आणखी किती वर्षं राहील ते हा काटा सांगतो, आणि पैसे तर पुढच्या वर्षांचे द्यायचे.

नेकवर पेन्सिलीच्या मागच्या रबरानं टिचक्या मारून शॉर्टही पाहिले. एखादा रंग अचानक पूर्ण पेटून परतीच्या रेघांसकट पडदा भरला तर कॅथोड-हिटर चिकटले समजायचं. त्यावर इलाज आहे, एलओटीच्या गाभ्यावर वायरचे दोन-तीन वेढे घेऊन हिटरला वेगळा पुरवठा द्यायचा. पण अशा ट्यूबचा भाव निम्मा. इथे तसं काही निघालं नाही.

१२ जानेवारी, रविवार

दुकान बंद होतं म्हणून उन्हात काम. पहिली ट्यूब दाराशी ठेवून तिरप्या उजेडात काच बघितली. चालू पडद्यावर जे लपतं ते बंद काचेवर दिसतं. वरच्या बाजूला स्कोअरची पट्टी राखाडी रंगात छापलेली, अगदी आकड्यांच्या जागांसकट. एकच गेम वर्षानुवर्षं चालला की तिथला फॉस्फर करपतो. १९८० च्या पॅक-मॅनचा चक्रव्यूह तर जगभरच्या ट्यूबवर असा कोरला गेला की मशीन बंद असतानाही खेळ ओळखता येतो. काळ्या-पांढऱ्या व्हेक्टर मॉनिटरांवर याहून वाईट: किरण हलायचा थांबला की मध्यभागी एकाच ठिपक्यावर उभा राहतो आणि फॉस्फरला भोक पाडतो.

दुसरीचा चेहरा स्वच्छ. कुणीही अडाणी गिऱ्हाईक दुसरीच उचलेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गच्चीवर पोरं, हातात मांजा. सून तिळाचे लाडू घेऊन आली. पुण्याचा फोन, तिळगूळ घ्या वगैरे, आणि लगेच: "काका, काय ठरलं?" म्हटलं, सणाच्या दिवशी भाव सांगत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

नागपूरला बर्डीवर सामान आणायला गेलो. ओळखीच्या दुकानदारासमोर दुसऱ्या ट्यूबचं गाऱ्हाणं मांडलं. तो म्हणाला, "काकाजी, बूस्ट मारा ना! पाच मिनिटाचं काम. पुणेवाल्याले काय समजते?"

समजणार नाही, खरं आहे. मशीन माझ्याकडेही आहे. हिटर जास्त तापवायचा, ग्रिडला पॉझिटिव्ह दाब देऊन कॅथोडमधून जबर करंट ओढायचा, वरचा मेलेला थर उडतो आणि खालचा ताजा लेप उघडा पडतो. लेप खाली असेल तर. आमच्याकडे संत्र्याच्या बागेला पाणी तोडून ताण देतात आणि बहार धरतात. म्हाताऱ्या झाडाला तोच ताण दिला की एक वर्ष फांद्या लगडतात आणि पुढच्या वर्षी वाळतात. अगदी तसंच. घरच्या टीव्हीला, आजीच्या मालिका अजून वर्षभर चालाव्यात म्हणून, मी बूस्ट दिलेला आहे आणि देईन. विकायच्या ट्यूबला देणार नाही. दिला तर चिठ्ठीवर लिहून देईन, आणि लिहिलं की भाव पडतो, मग देण्यात अर्थ काय.

कायमचा बूस्टर, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरनं हिटरला सतत जास्त व्होल्ट देणं, हा त्यातल्या त्यात सभ्य प्रकार. तरी ट्यूबचं वय त्यानं वाढत नाही, लवकर खर्ची पडतं एवढंच.

१९ जानेवारी, रविवार

भंगारवाल्या चाचांकडे. जुने टीव्ही त्यांच्याकडे किलोनं येतात, आणि आल्या आल्या पहिला हातोडा नेकवर पडतो, कारण योकमधलं, म्हणजे नेकवरच्या कॉइलमधलं, तांबं पाहिजे. काच तशीच टाकून. फनेलच्या त्या काचेत शिसं असतं, वजनानं पाचवा हिस्सा आणि वरच. समोरच्या काचेत बेरियम-स्ट्रॉन्शियम. ई-कचऱ्याचे नियम कागदावर आहेत, अंगणात मात्र काचेचा ढीग. मी चाचांना सांगून ठेवलं आहे की २०-२१ इंची, न फोडलेली असेल तर मला दाखवल्याशिवाय हातोडा घालायचा नाही, तांब्याचे पैसे मी देतो. त्यांना ते परवडतं.

आज एक निघाली. कुणाच्या तरी दिवाणखान्यातला टीव्ही, मागे कोळ्याची जाळी, पडद्याच्या काचेवर पोरांनी चिकटवलेला स्टिकर. गेटर चकचकीत, नेक शाबूत. घरात संध्याकाळच्या बातम्या आणि सासू-सुनांच्या मालिकांपुरता चाललेला सेट. पार्लरमधला सकाळी दहापासून रात्रीपर्यंत चालायचा. वय सारखं असलं तरी तासांत फार मोठा फरक. परदेशातले शौकीन गेमच्या मॉनिटरला ट्यूब लागली की जुने टीव्ही शोधतात ते याचसाठी.

बसेल की नाही हे मात्र मोजून बघावं लागतं. नेकची जाडी: २९.१ मिलिमीटर की बारीक २२.५? ही २९.१, पेटीतल्यासारखीच. सॉकेटच्या पिना जुळल्या. योकच्या आडव्या कॉइलचा रोध दोन-अडीच ओहम, उभीचा तेरा; पेटीतल्या योकच्या जवळपास. तरी ट्यूबचा योक ट्यूबवरच ठेवतो. कारखान्यात प्युरिटीच्या रिंगा आणि रबरी पाचरा त्या जोडीसाठी बसवलेल्या असतात. योक बदलला की कन्व्हर्जन्सच्या, म्हणजे तिन्ही रंग एकमेकांवर नेमके बसवण्याच्या, मागे अख्खा दिवस जातो आणि कोपऱ्यात लाल-निळी कड तरी राहतेच.

सौंसरचं नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आहे ते मँगेनीजवाल्या खडकांच्या मालिकेमुळे. एलओटीच्या गाभ्यातलं फेराइट मँगेनीज-झिंकचं असतं. आमच्या खाणीतलं मँगेनीज कुठल्या एलओटीत गेलं असेल कुणास ठाऊक, पण चाचांच्या ढिगात फेराइटचे तुकडे पायाखाली आले की मला ते आठवतं.

२३ जानेवारी, गुरुवार

चाचांकडची ट्यूब चालवून बघितली. टेस्टरवर उत्तम. पडद्यावर मात्र डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा जांभळा डाग. दुकानातलं पोरगं म्हणालं, "गेली काका हे."

गेली की नाही ते डीगॉस केल्यावर, म्हणजे आतलं चुंबकत्व उतरवल्यावर, कळतं. डाग दोन कारणांनी पडतो. टीव्हीशेजारी मोठा स्पीकर ठेवला असेल तर काचेमागची लोखंडी जाळी चुंबकित होते. हा डाग जातो. सेट कुठून तरी पडला असेल तर जाळीच वाकते. हा जात नाही, आणि मग ट्यूब रंगांसाठी मेली. हाताची कॉइल घेतली, पडद्यासमोर गोल गोल फिरवली. सगळा पडदा इंद्रधनुष्यासारखा ढवळला गेला. मग तसंच फिरवत, कॉइल चालू ठेवून, मागे मागे सरकत दारापर्यंत आलो आणि तिथे बटण सोडलं. जवळ असताना बटण सोडलं तर होता त्यापेक्षा मोठा डाग बसतो. दोनदा केलं. लाल पडदा टाकला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखा लाल.

पोरगं बघत राहिलं. त्याला म्हटलं, चाचांकडे अशा चांगल्या किती ट्यूब डाग पाहून फुटल्या असतील बघ.

२५ जानेवारी, शनिवार

भाव ठरवला. पुण्याचा मुलगा व्हिडिओ कॉलवर. ट्यूब थंड होती, त्याच्यासमोर चालू केली, घड्याळ कॅमेऱ्यात दिसेल असं ठेवलं.

पार्लरच्या मालकाला पहिल्या पेटीचे पुरे पैसे, दुसरीचे पेटीपुरते. दुसऱ्या पेटीत चाचांकडची ट्यूब बसवली आहे, तिचा हिशेब वेगळा. मालक आधी खट्टू झाले: "स्वच्छ काचवालीलेच कमी पैसे देता काय भाऊ?" त्यांना दुकानात बोलावून काटा दाखवला. मग हो म्हणाले.

मुलाची अडचण उलट्या बाजूनं. "काका, पहिलीवर तर डाग छापलाय. तिला तुम्ही सगळ्यात जास्त लावता?" म्हटलं, हो. करपलेली पट्टी काळ्या पडद्यावर दिसते. तोच गेम चालवशील तर स्कोअर बरोबर त्या पट्टीवरच येतो, दिसायचं काही उरत नाही. दुसरा गेम लावशील तर दिसेल, ते कबूल, आणि त्याचे पैसे मी कमी केलेत. पण काचेवरचा डाग वाढत नाही, वाढते ती गनची थकावट. तू डागासाठी घासाघीस कर, गनसाठी मी करू देणार नाही. त्यानं थोडी घासाघीस केली. केलीच पाहिजे, नाहीतर मला त्याचा संशय आला असता.

थकलेल्या लाल गनची ट्यूब मी ठेवून घेतली. चेसिस तपासायला बेंचवर उत्तम चालते; तिच्यावर काही जळालं तर जीव हळहळत नाही.

दोन्ही पेट्यांतल्या ट्यूब उतरवून वेगळ्या बांधल्या: तोंड खाली, जाड फोमवर, नेकवर पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि वर चिठ्ठी की उलटी करू नये. चिठ्ठीत तिन्ही गनचे आकडे, हिटर कमी केल्यावरचे आकडे आणि 'बूस्ट दिलेला नाही' असं लिहिलं. ट्रान्सपोर्टवाला काचेची जबाबदारी घेत नाही म्हणतो. तेव्हा भाडं पुण्यानं द्यायचं आणि वाटेत फुटली तर नुकसानही पुण्याचं, हे फोनवर दोनदा वदवून घेतलं आणि मग पावती फाडली.